निळ्या मुलांचें हृदय

खेळतां खेळतां एखादें मूल मध्येंच उकिडवें बसतें, धापा टाकतें आणि थोड्या वेळानें पुनः उठतें. पाहणारा त्यास आळशी म्हणून मोकळा होतो. परंतु त्याचे ओठ व नखें निळसर दिसत असतील, तर तो आळस नसून हृदयाचा विकार असूं शकतो. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

हृदयाचा उजवा भाग अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे धाडतो. डावा भाग तेथें प्राणवायु घेऊन आलेलें रक्त शरीरभर पुरवितो. मधला पडदा दोहोंची सरमिसळ होऊं देत नाहीं. कांहीं बालकांत मात्र जन्मतःच या पडद्यास भोंक असतें व फुप्फुसांकडील वाट अरुंद असते. त्यामुळें बरेंच अशुद्ध रक्त परस्पर शरीरांत जातें आणि मूल निळें दिसतें. उकिडवें बसल्यानें पायांकडील रक्तवाहिन्या दाबल्या जातात व अधिक रक्त फुप्फुसांकडे वळतें. कोणीं न शिकवितां तें मूल स्वतःवर उपचारच करीत असतें! फालो नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८८८ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. उपाय मात्र पुढें अर्धें शतक सांपडला नाहीं.

तो अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत सांपडला. तेथील डॉ. हेलन टॉसिग यांस ऐकूं कमी येई. म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची गति जाणून घेत. जन्मापूर्वीं बालकाच्या दोन मोठ्या धमन्यांमध्यें एक जोडवाट असते व ती जन्मानंतर लवकरच मिटते. ती मिटली कीं निळ्या बालकांची प्रकृति ढासळते, हें त्यांनीं हेरलें. मग तशीच नवी वाट कां करूं नये? शस्त्रवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांनीं ही कल्पना उचलली. त्यांचे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून ती कृति सिद्ध केली. पेढी बुडून शिक्षणासाठीं सांठविलेला पैसा गेल्यानें थॉमस यांचें डॉक्टर होण्याचें स्वप्न अपुरें राहिलें होतें. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या एका मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीस जोडण्यांत आली. थॉमस ब्लेलॉक यांच्या पाठीशीं उभे राहून सूचना देत होते. ती मुलगी पुढें कांहीं महिन्यांनीं दगावली. परंतु त्या वाटेनें हजारों मुलें वांचलीं. थॉमस यांस १९७६ सालीं त्याच विद्यापीठानें सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

आज ध्वनिलहरींच्या साहाय्यानें हृदयाचें चित्र पडद्यावर पाहतां येतें. पुष्कळदां वयाच्या पहिल्या वर्षांतच भोंक बुजवून वाट रुंद करितात. आपल्या देशांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची सोय आहे.

मातापित्यांस आमची विनंति अशी कीं, दूध पितांना बाळास धाप लागत असेल, घाम येत असेल, वजन वाढत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर दृष्ट काढीत न बसतां त्यास डॉक्टरांकडे न्यावें. आणि विद्यार्थिमित्रहो, धांवतांना मागें पडून खालीं बसलेल्या सोबत्यास हंसूं नका. त्याच्याजवळ थांबा, व घरीं आणि गुरुजींस सांगा.