हातची जोडी आणि वरचढ पाने

अपुऱ्या माहितीवरून अनुमान कसे करावे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास नवा नाही. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचे मन दिसत नाही. दिसते ती फक्त त्याने केलेली शब्दांची निवड. सोस्यूरने भाषाव्यवस्थेचे स्वरूप समजावताना बुद्धिबळाचा दृष्टांत घेतला, आणि १९१६ साली त्याची व्याख्याने ग्रंथरूपाने निघाल्यापासून तो आपल्या वर्गांतून नेमाने दिला जातो. परंतु बुद्धिबळाच्या पटावर झाकलेले असे काहीच नसते. श्रोत्याच्या स्थितीशी अधिक साम्य आहे ते पत्त्यांच्या खेळाचे. म्हणून पोकरच्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारातील एका लहानशा प्रश्नाचे विवेचन येथे करावयाचे आहे. पैशाच्या खेळाची शिफारस करण्याचा हेतू अर्थातच नाही.

खेळाची रीत थोडक्यात अशी. प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात. नंतर सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडी मांडतात: प्रथम तीन एकदम, ज्यांस ‘फ्लॉप’ म्हणतात, मग एक आणि शेवटी आणखी एक. या सातांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ ठरतील तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैज लागते, आणि अमर्याद खेळात कोणत्याही क्षणी आपल्यासमोरची सारी रक्कम पुढे करता येते. आता समजा, आपल्या हाती दोन अठ्ठ्या आल्या आहेत. प्रतिपक्षाने पैज चढवली, आपण ती स्वीकारली, आणि फ्लॉपमध्ये अठ्ठीहून वरचे एक पान उघडले. जोडी धरावी की टाकावी?

प्रश्नातील दोन्ही संज्ञा सापेक्ष आहेत. सत्तीपासून दश्शीपर्यंतच्या जोड्यांस खेळणारे ‘मधल्या’ म्हणतात; जोडीहून वरच्या मोलाचे पान ते ‘वरचढ’, मग ते मांडलेल्या पानांत असो की प्रतिपक्षाच्या हातात. फ्लॉपमध्ये निदान एक वरचढ पान येण्याची शक्यता सत्त्यांच्या जोडीला शेकडा ९२, अठ्ठ्यांना ८७, नव्व्यांना ७९ आणि दश्श्यांना सुमारे ७० इतकी असते. गुलामांच्या जोडीलासुद्धा ती ५७ आहे. म्हणजे मधल्या जोडीच्या बाबतीत वरचढ पान उघडणे हा अपघात नव्हे, तो नित्यक्रम होय. ते दिसताच पाने टाकणाऱ्याने जोडी मुळात हाती धरलीच कशाला, असे विचारावे लागेल.

याच्या उलट एक आकडा नेहमी सांगितला जातो. एका बाजूस दोन अठ्ठ्या आणि दुसऱ्या बाजूस वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा असतील, तर अठ्ठ्या शेकडा ५५ वेळा जिंकतात; एक्का-राजा एकाच रंगाचे असल्यास सुमारे ५२ वेळा. आकडा खरा आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: पाचही पाने मांडली जाईपर्यंत दोघे टिकून राहतील. सारी रक्कम आरंभीच लागली असेल तर तसे होते. एरवी होत नाही. एक्का-राजा धरणाऱ्यास फ्लॉपमध्ये एक्का किंवा राजा लाभण्याची शक्यता जेमतेम एक-तृतीयांश असते. आपणांस मात्र ८७ टक्के वेळा काहीतरी भीतिदायक दिसते. दिसणारी भीती आणि असणारा धोका यांतील हे अंतर न मोजल्यामुळेच ही जोडी अनेकांच्या हातून वाया जाते.

ते मोजता येते. पैज चढवणारा प्रतिपक्ष सावध आहे आणि फक्त दश्शी ते एक्का यांच्या जोड्या, एक्का-राजा किंवा एक्का-राणी यांवरच पैज चढवतो, असे धरू. कोणतीही एक जोडी सहा प्रकारे जमते. म्हणून पाच जोड्यांचे ३० हात झाले. एक्का-राजा १६ प्रकारे आणि एक्का-राणीही १६ प्रकारे जमते; ते ३२. एकूण ६२ हातांपैकी ३० आपल्या अठ्ठ्यांपुढे आहेत आणि ३२ मागे.

आता फ्लॉपमध्ये सत्ती आणि दुर्री यांच्यासह एक्का उघडला, तर काय होते? एक एक्का प्रतिपक्षाच्या हाती असणे अशक्य झाल्याने एक्क्यांच्या जोडीचे तीनच प्रकार उरतात, एक्का-राजाचे १२, एक्का-राणीचे १२. इतर चार जोड्या पूर्ववत् २४. उरलेल्या ५१ हातांपैकी ५१ आपल्यापुढे आहेत. येथे विचार करण्यासारखे काही राहत नाही. एक्क्याऐवजी राजा आला तर ५५ हात उरतात. त्यांपैकी एक्का-राणीचे १६ मागे आणि ३९ पुढे. पण गुलाम आला तर? गुलामांच्या जोडीचे तीन हात कमी होतात, आणि एक्का-राजा, एक्का-राणी यांचे सर्व ३२ हात जसेच्या तसे मागे राहतात. पुढे उरले केवळ २७. वरचढ पान उघडले आणि आपली स्थिती आरंभापेक्षा सुधारली!

‘वरचढ’ हा एकच शब्द एक्का, राजा आणि गुलाम या तिघांवर सारखाच बसतो. तरी प्रतिपक्षाच्या संभाव्य हातांच्या संदर्भात त्या तीन पानांचे मोल सर्वस्वी भिन्न आहे. पानाचे मोल त्याच्या चित्रात नाही, दुसरी कोणती पाने त्यामुळे शक्य किंवा अशक्य झाली यात आहे. सोस्यूरच्या वाचकास हे निराळे सांगावयास नको.

अर्थात पुढे असणे आणि जिंकणे एक नव्हे. मागे पडलेल्या अठ्ठ्यांस सावरणारी पाने दोनच, आणि उरलेल्या दोन पानांत त्यांपैकी एखादे येण्याची शक्यता शेकडा ९. उलट, मागे पडलेल्या एक्का-राजास तीन एक्के व तीन राजे सावरू शकतात. त्याची शक्यता सुमारे २५. हे वजन धरून हिशेब केला, तर वरील प्रतिपक्षाविरुद्ध फ्लॉपपूर्वी आपला वाटा सुमारे ३७ टक्के होता, तो गुलाम उघडल्यावर ४५ च्या आसपास जातो, राजा उघडल्यावर २८ वर येतो आणि एक्का उघडल्यावर ९ उरतो.

प्रतिपक्षाची पैज काय सांगते, हे पुन्हा वेगळे पाहावे लागते. राजा उघडल्यावर तो राजा लाभलेल्या हातांवरच पैज लावणारा असेल, तर त्याची पैज म्हणजे जवळजवळ उघड विधान होय. पण सर्वच ५५ हातांवर तो पैज लावत असेल, एक्का-राणीवर हूलही देत असेल, तर त्या पैजेतून नवे काहीच कळत नाही. जे चिन्ह सर्वत्र येते ते अर्थभेद करू शकत नाही. अशा वेळी बोध होतो तो त्याच्या मौनातून, म्हणजे कधी नव्हे ते पैज न लावण्यातून.

फ्लॉपमध्ये तिसरी अठ्ठी मिळाली तर प्रश्नच मिटतो. ही गोष्ट शेकडा १२ वेळांहून किंचित कमी, म्हणजे साडेसात प्रतिकूल वेळांस एक अनुकूल या प्रमाणात घडते. केवळ तिसऱ्या अठ्ठीच्या आशेवर सहा रुपये भरावयाचे, तर ती आल्यावर सरासरीने ४५ रुपये हाती पडले पाहिजेत. प्रतिपक्ष दर वेळी इतके देत नाही, म्हणून जाणते खेळाडू दोघांपुढेही भरावयाच्या रकमेच्या दहा ते पंधरा पट शिल्लक आहे की नाही ते पाहतात. मर्यादित पैजेच्या खेळात ही सोय नसते.

लास व्हेगास येथील २००३ सालच्या जागतिक पोकर स्पर्धेत दहाच खेळाडू उरले असताना झालेला एक डाव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. फिल आयव्हीकडे दोन नव्व्या होत्या, क्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी. फ्लॉपमध्ये एक छक्की आणि चक्क दोन राण्या आल्या. आपल्या वरच्याच यादीने मोजले, तर एक राणी आली असती तेव्हा नव्व्यांपुढे ३९ हात असते; दोन आल्यामुळे राण्यांच्या जोडीचा एकच प्रकार उरला, एक्का-राणीचे आठ, आणि पुढील हात ३३ वर आले. मागे दोन्ही स्थितींत एक्का-राजाचे १६. दुसऱ्या राणीने धोका घटवला होता, वाढवला नव्हता. मात्र त्या उरलेल्या आठांपैकीच एक हात मनीमेकरजवळ होता. चौथे पान नव्वी निघाले, आयव्हीचे तीन नव्व्या व दोन राण्या असे ‘फुल हाउस’ जमले आणि सारी रक्कम मध्ये आली. उरलेल्या ४४ पानांपैकी एक राणी, तीन एक्के आणि तीन छक्क्या एवढी सातच पाने मनीमेकरला तारणारी होती. पाचवे पान एक्का आले. आयव्ही दहाव्या क्रमांकावर बाहेर पडला, आणि मनीमेकरने पुढे ती स्पर्धा जिंकली.