वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचा

2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि अगदी खऱ्यासारख्या खोट्या वेबसाइटही निघाल्या. महिन्याचे 1500 रुपये चुकू नयेत म्हणून घाईत तिथे आधार नंबर आणि ओटीपी भरला, तर बँकेतले आहे तेही जायचे.

रंग, फोटो, बोधचिन्ह बघून काही कळत नाही. ते कुणीही उचलतो. नाव बघा. आपण पत्ता कसा लिहितो? मुक्काम पोस्ट प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. लहान आधी, मोठे शेवटी. वेबसाइटचेही तसेच. खरे नाव आहे 'लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. त्यामागचा संगणक शोधतानाही उजवीकडूनच विचारत जावे लागते : आधी 'इन', मग 'गव्ह', मग 'महाराष्ट्र'. या नोंदवहीला डीएनएस म्हणतात.

'गव्ह डॉट इन' फक्त सरकारी कार्यालयांना मिळते. नुसते 'डॉट इन' पैसे भरून कुणीही घेतो, आणि त्याच्या आधी 'लाडकीबहीण' लावायला त्याला कोण अडवणार? म्हणून शेवट बघा. नावानंतर तिरकी रेघ असेल, तर रेघेच्या आधीचा शेवट. कुलपाच्या चित्रावर जाऊ नका, चोरही आपल्या घराला कुलूप लावतोच.

गटातल्या शिकलेल्या मुलीला 'हूइज'मध्ये ते नाव शोधायला सांगा. नोंदणीची तारीख दिसते. सरकारी म्हणवणारे नाव चार दिवसांपूर्वीचे निघाले, तर काही भरू नका. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला 1930 वर फोन करा.