नदी उलटी वाहते तेव्हा

चिपळूणजवळ गोवळकोटला वाशिष्ठी नदीच्या काठावर ओहोटीच्या वेळी उभे राहा. पाणी पश्चिमेला, समुद्राकडे निघालेलं दिसेल. काही तासांनी पुन्हा या. आता तेच पाणी उलटं, सह्याद्रीकडे चढतंय! नदीला वेड लागलं की काय? छे! इथे ती नुसती नदी उरलेली नाही, खाडी झाली आहे. भरती आली की समुद्र तिच्यात शिरतो आणि ओहोटीला परत जातो. दिवसातून साधारण दोनदा.

पण नदीची खाडी झाली कशी? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर इतकं बर्फ साठलं होतं, की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि कोकणातल्या नद्यांच्या दऱ्यांची तोंडं बुडाली. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजेच आपल्या खाड्या. गंमत बघा, नदीचं नाव एक आणि खाडीचं दुसरंच! वाशिष्ठीची दाभोळ खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. मुखाजवळचं बंदर आपलं नाव तिला देऊन टाकतं.

खंबायतला मात्र खाडी नाही, आखात म्हणतात, कारण ते फार मोठं. त्याहून अफाट तो बंगालचा उपसागर. हिंदीत तर त्या उपसागरालाही खाडीच म्हणतात!

पण खाडीची खरी मजा पाण्यात नाही, चिखलात आहे. ओहोटीला तिवरांच्या झाडांच्या मुळांशी नीट बघा. चिखलातून काहीतरी टुणकन उडी मारतं. बेडूक? नाही, तो मासा आहे! त्याला निवटी म्हणतात. डोळे डोक्याच्या अगदी वर, छातीजवळच्या परांवर रेटा देत तो चिखलावरून चालतो. कल्ल्यांच्या पोकळीत थोडं पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. कातडी सुकली की संपलं, म्हणून मधेच चिखलात लोळण घेतो. पकडायला जाल, तर क्षणात बिळात गडप!

ही तिवरं खारं पाणी सोसतात आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यात लहान मासे, चिंबोऱ्या वाढतात. खाडीत भराव टाकला की आधी त्यांचंच घर जातं, म्हणून असा भराव टाकणं मला मुळीच पटत नाही.

भरती केव्हा येणार, हे घरबसल्या काढता येतं. कॅलेंडरमधली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. मुंबईच्या आसपास त्या दिवशी पूर्ण भरती अंदाजे तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान. खाडीकाठी राहत असाल, तर उद्याची तिथी बघून हिशोब करा आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन ताडून पाहा.