काकांच्या शर्टावर लाटा!

लग्नसराईत पुण्याहून बीडला निघालात, म्हणजे कॅमेरा गळ्यात असणारच. अंबाजोगाईच्या मांडवात काका बारीक चौकड्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टात उभे राहतात, तुम्ही क्लिक करता आणि शर्टावर चक्क रंगीत लाटा! हाच तो ‘म्वारे’. नाव मुळात पाणीदार झळाळीच्या रेशमाचं. रेशीमकोषांच्या बीडला ते शोभतंही म्हणा.

कापडाची बारीक वीण आणि सेन्सरवरचे पिक्सेल, या दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी उमटते. पूर्वी बहुतेक डिजिटल एसएलआरमध्ये सेन्सरपुढे प्रतिमा किंचित मऊ करणारा फिल्टर असायचा. २०१३च्या निकॉन डी७१००मध्ये तो वगळला. फोटो धारदार झाले, पण लाटांचा धोकाही वाढला.

आधी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. कधीकधी लाटा फक्त छोट्या प्रिव्ह्यूतच असतात. खरंच असतील तर दोन पावलं पुढे-मागे सरका, कोन बदला, नाहीतर उजेड भरपूर असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६ करा. लाइटरूममध्ये २०१२पासून म्वारेचा ब्रश आहे, पण रंग गेले तरी पट्टे बऱ्याचदा उरतातच. अक्षता काही दुसऱ्यांदा पडत नाहीत. तेव्हा मंगलाष्टकांआधीच काकांचा एक टेस्ट शॉट उरकून घ्या.