टिटवी का ओरडते?

बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे गाव आहे. गावालगत एक मोठे विवर आहे. फार फार पूर्वी आकाशातून एक उल्का इथे आदळली आणि काळ्या खडकात हा खड्डा पडला. त्याची रुंदी सुमारे १,८०० मीटर आहे. तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. आसपास शेकडो वर्षांपूर्वीची दगडी देवळे आहेत. त्यांतली बरीच आता पडकी आहेत. २००० सालापासून या जागेला अभयारण्य म्हणतात.

एका वैशाखात आम्ही गावची मंडळी लोणारला गेलो. देवळे पाहत पाहत सरोवराच्या काठाने चाललो होतो. एवढ्यात एक पक्षी डोक्यावर घिरट्या घालू लागला. "टिव टिव, टिटिव टिव!" नुसता कल्लोळ!

"टिटवी बोलली! मागं फिरा," आमच्यातले एक म्हातारबाबा म्हणाले. "आता कुणाचं तरी काही खरं नाही." एका पोराने दगड उचलला. मी त्याचा हात धरला. म्हटले, "थांब बाबा. आधी खाली बघ."

पुढे चार हातांवर, खड्यांमध्ये चार अंडी होती. मातकट रंग, वर काळे ठिपके. खडे कोणते नि अंडी कोणती, चटकन कळेना. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालते. आणखी दोन पावले टाकली असती, तर आम्हीच ती तुडवली असती!

उन्हात अंडी तापतात. म्हणून आम्ही लगेच दूर झालो आणि पडक्या देवळाच्या सावलीत बसलो. ओरडा थांबला. टिटवी खाली उतरली. लांब पिवळे पाय, काळा गळा, तपकिरी पाठ, डोळ्यापुढे लाल कातडी. तुरुतुरु चालत आली नि अंड्यांवर बसली. कडक उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. म्हातारबाबा बराच वेळ पाहत होते. मग हळूच म्हणाले, "आई हाय बिचारी."

मग टिटवी रात्री का ओरडते? ती रात्रीही सावध असते. कुत्रे, कोल्हा, माणूस, कोणीही जवळून गेले की ओरडते. आजारी माणसाच्या घरी रात्री दिवा असतो, ये-जा असते. ती ओरडते, आणि घरचे जागे असतात म्हणून त्यांना ऐकू येते. एरवी आपण झोपेत असतो.

माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. आजोबा तापाने फणफणले होते. चुलते रात्री वैद्यांना आणायला निघाले. वेशीजवळ टिटवी ओरडली. ते घाबरून परत आले. म्हणाले, "आता जाऊन काय उपयोग?" पहाटे आजोबा गेले. सगळे टिटवीला बोल लावीत होते. वैद्य आले असते तर आजोबा वाचले असते की नाही, देव जाणे. पण वैद्य आलेच नाहीत, हे खरे.

टिटवी शेतातले किडे, अळ्या खाते. ती आपली वैरीण नाही. तिला दगड मारू नका. आणि घरात कोणी आजारी असेल, तर टिटवी ओरडो की न ओरडो, १०८ नंबरला फोन लावा आणि दवाखान्याची वाट धरा.