भीतीचा पत्ता

गुन्हा कोणी केला हे कळण्याआधीच समाजाचे बोट कोणाकडे वळते? या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्रात आहे, आणि तितकेच सत्तेच्या इतिहासातही आहे.

डेव्हिड हॅमिल्टन व रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर मांडतो. 'अ' या मोठ्या गटातील माणसांविषयी २६ वाक्ये : १८ चांगल्या वर्तनाची, ८ वाईट. 'ब' या लहान गटाविषयी १३ : ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण तंतोतंत एकच. तरीही वाचणाऱ्यांनी 'ब' गटाच्या माथी वाईट वर्तन प्रत्यक्षाहून अधिक मारले. विरळ माणसे आणि विरळ कृत्य एकत्र दिसले की ते मनावर अधिक ठसते, अशी त्याची मीमांसा आहे.

प्रयोगातील 'ब'ला जात नव्हती, इतिहास नव्हता. आपल्याकडे मनाच्या या खोडीला कायद्याचे बळ मिळाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. नोंदणी आली, हजेरी आली, पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतीही आल्या. १९५२ साली कायदा रद्द झाला; संशय रद्द झाला नाही. ज्या वस्तीवर पोलिसांची नजर अधिक, तिथल्या नोंदी अधिक. आणि नोंदी अधिक म्हणून पुन्हा नजर अधिक. हे चक्र स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होती. अफवा नवी होती. तिला चिकटवण्यासाठी लागणारा चेहरा मात्र जुनाच, भटक्याचा होता.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगताच दार लोटलेले मी पाहिले आहे. दार लोटणाऱ्याने माझे काहीच पाहिले नव्हते. ऐकले मात्र पुष्कळ होते. मजुरी बुडवणारा आणि अन्नात भेसळ करणारा मात्र त्याच दारातून सन्मानाने आत जातो. त्याच्या गुन्ह्याची भीती कोणाला वाटत नाही, कारण तो 'आपल्यातला' असतो. भ्यालेला समाज सत्तेकडे हिशेब मागत नाही, काठी मागतो. सत्तेला ते सोयीचेच असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमपुस्तिकांतील जातीय भेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानणारे नियमही त्यात आले. पुस्तकातील ओळ न्यायालय खोडू शकते. मनातील ओळ आपल्यालाच खोडावी लागेल. कोणी 'त्या लोकांतले इतके चोर' असा अंश सांगितला, की त्याच्याकडे छेद मागावा : किती जणांपैकी? आणि ही नोंद कोणी केली?