खाणवाला, चाचा आणि मोबदल्याचा हिशेब

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या 'नायकोमाखियन एथिक्स'मधल्या पाचव्या पुस्तकापाशी थांबलो होतो. वाटप न्याय्य केव्हा? तर ज्याची जेवढी पात्रता, तेवढा त्याचा वाटा. आणि ॲरिस्टॉटल लगेच कबूल करतो की पात्रता कशाला म्हणायचं यावरच सगळी भांडणं होतात. आज त्या भांडणाचं एक उदाहरण घेऊ. उदाहरण खेळातलं आहे. हसू नका. माझा नातू रात्री अकरानंतर 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा एक खेळ खेळतो. गेले दोन-तीन महिने मी अधूनमधून त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, आणि पाहिलं तर पाचवं पुस्तक तिथे रोज चालू आहे.

आधी थोडी ओळख. हा खेळ आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीने २००३ साली आणला. सात हजारांहून अधिक तारकामंडळं, आणि जगभरातले बहुतेक सगळे खेळाडू त्या एकाच विश्वात. कुणी लघुग्रह फोडून खनिज काढतो, कुणी व्यापार करतो, कुणी यंत्राने चालवलेल्या शत्रूंना मारून बक्षीस मिळवतो, आणि कुणी सरळ दुसऱ्या खेळाडूंना लुटतो. चाचेगिरीला नियमांत बंदी नाही. जहाज फुटलं की गेलं. विम्याचे थोडे पैसे मिळतात, माल मात्र अर्धाअधिक नष्ट होतो आणि उरलेला जो उचलेल त्याचा.

प्रत्येक मंडळाला सुरक्षिततेचा आकडा असतो. १.० ते ०.५ म्हणजे सुरक्षित भाग. त्याखाली ०.१ पर्यंत कमी सुरक्षित. ०.० आणि त्याखाली कायदाच नाही. सुरक्षित भागातसुद्धा पोलीस, म्हणजे कॉनकॉर्ड, हल्ला थांबवत नाहीत. ते हल्ला करणाऱ्याला नंतर मारतात. त्यामुळे स्वस्त जहाज मुद्दाम गमावून महागड्या मालाचं जहाज फोडायचं आणि साथीदाराने माल गोळा करायचा, हा तिथला हिशेबी धंदा आहे.

आता प्रश्न. या सगळ्यांना तासाला किती मिळावं? खेळ बनवणाऱ्यांचं उत्तर साधं आहे: जोखीम जास्त तर मोबदला जास्त. ऐकायला ॲरिस्टॉटलच वाटतो. पात्रता म्हणजे जोखीम, झालं!

पण जोखीम ही जागेची असते की माणसाची? कायदा नसलेल्या प्रदेशात हजारो खेळाडूंच्या आघाड्या राज्य करतात. कोण मंडळात शिरलं हे पडद्यावरच्या यादीत तत्क्षणी दिसतं, परका दिसला की सगळे गोदीत परत. म्हणजे कागदावर सर्वांत धोक्याचा प्रदेश, आणि आघाडीतल्या माणसाला तिथे घरच्यासारखं. २०१६ नंतर रोर्कवाल नावाची अवाढव्य खाण-जहाजं एकेक माणूस अनेक खाती उघडून चालवू लागला, आणि खनिजाचा पूर आला. मोबदला जोखमीचा, जोखीम मात्र दुसऱ्यांनी आधीच काढून टाकलेली. एकट्याने तिथे जाणाऱ्याला तो आकडा खरा लागतो. त्याला मात्र आघाडीची मिळकत मिळत नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये कंपनीने त्या प्रदेशातली यादीच बंद केली. आता कोण आलं ते दिसणार नाही! चाच्यांना आनंद झाला. खाणवाल्यांनी काय केलं? ते आलेच नाहीत. आणि खाणवाला आला नाही तर चाचा लुटणार कुणाला? सप्टेंबरमध्ये यादी परत आली.

इथे जरा थांबतो, कारण यात एक गोष्ट दडलेली आहे जी मला आधी कळली नव्हती. बक्षिसाचा पैसा आणि खनिजाचा पैसा एक नव्हे. यंत्रशत्रू मारला की खेळ नवा पैसा छापून हातात देतो. खनिज मात्र दुसऱ्या खेळाडूने विकत घ्यावं लागतं. म्हणजे बक्षिसाचा दर कंपनी ठरवते, खाणवाल्याचा दर बाजार ठरवतो. आणि बाजारात खनिज कोण घेतं? ज्याचं जहाज फुटलं तो. २०१४ च्या जानेवारीत एका लढाईत एका दिवसात ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजं, नष्ट झाली. ते कुणाच्या तरी खनिजातून परत बांधायचे होते. चाचा काही निर्माण करत नाही हे खरं, पण त्याने फोडलंच नाही तर खाणवाल्याच्या मालाला गिऱ्हाईक नाही. मी इथे चाच्याची बाजू घेत नाही, नातवाला तर मुळीच सांगू नका. पण दोघांचा मोबदला वेगवेगळा मोजताच येत नाही, एवढं मान्य करावं लागतं.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मजुरी कमीजास्त का असते याची पाच कारणं दिली. त्यातलं पहिलं: काम जितकं नकोसं, तितकी मजुरी जास्त. हे खेळाला लावून बघा. खाणकाम कंटाळवाणं आहे, म्हणून भाव वाढवा. मग काय होईल? ज्यांना ते आवडत नाही तेही पैशासाठी तेच करत बसतील. बाहेरच्या जगात गटार कुणीतरी साफ करायलाच हवं, म्हणून जास्त मजुरी न्याय्य. खेळात कंटाळा कुणाला तरी सोसायलाच हवा अशी गरज कुठे आहे? मॅकिन्टायरने 'आफ्टर व्हर्च्यू'त एका मुलाचं उदाहरण दिलंय, गोळ्यांसाठी बुद्धिबळ खेळणाऱ्या. गोळ्या वाढवल्या तर मुलगा पटावर बसतो, पण बुद्धिबळ शिकेलच असं नाही. फसवायलाही शिकेल.

मग मोबदल्याचा प्रश्नच सोडून द्यावा का? तसंही जमत नाही. चाच्याला शिकारीचा आनंद, व्यापाऱ्याला नफ्याचा, खाणवाल्याला शांततेचा. ही तीन वेगळी नाणी आहेत. पण पुढचं जहाज तिघांना एकाच पैशात घ्यायचंय. मायकेल वॉल्झर म्हणतो की एका क्षेत्रातली सत्ता दुसऱ्या क्षेत्रात झिरपू लागली की अन्याय सुरू होतो. इथे तर प्लेक्स नावाची वस्तू खऱ्या पैशाने घेऊन खेळात विकता येते. म्हणजे बाहेरची श्रीमंतीसुद्धा आत झिरपते. माझं मत विचाराल तर तासाची मिळकत सारखी करण्यात अर्थ नाही. बघायचं ते हे: प्रत्येक वाटेवरच्या माणसाला एक जहाज गमावल्यावर, आपल्याच वाटेने, दुसरं घेता येतं का? नवख्याला येत नसेल, तर दर चुकलेला आहे.

शेवटी नातवाला विचारलं, तिकडे दुप्पट मिळतं, मग तू सुरक्षित भागातच का? मला वाटलं भितो. तर म्हणाला, "आजोबा, भीती नाही. आघाडीत गेलं की त्यांच्या वेळेला हजर राहावं लागतं. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र उलटलेली असते. मला सकाळी कॉलेज आहे." हा खर्च कुठल्याच आकड्यात धरलेला नाही, १.० मध्येही नाही आणि ०.० मध्येही नाही. मलाही तो सुचला नव्हता.

बरं, प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेत कुणीतरी मघापासून हात वर केलाय.